टेकडीवरच्या पाण्याची वेळ

विद्यापीठ आणि महापालिका यांच्या संयुक्त कक्षाला पाणीपुरवठा विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली होती. दोन टेबलं, किल्ली हरवलेलं एक कपाट आणि भिंतीवर शहरातल्या जलवाहिन्यांचा नकाशा. नकाशाच्या खालच्या कोपऱ्याला ओल आली होती. पाणीपुरवठा विभागात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तीन वर्षं मी आठवड्यातले दोन दिवस तिथे बसत होते. कक्षाचा करार महिनाअखेर संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं.

मंगळवारी दुपारी अभियंता साहेबांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला.

“वाचा. तुमचीच कृपा.”

टेकडीच्या व्हॉल्व्हवर काम करणाऱ्या काकांना काढलेली ती कारणे दाखवा नोटीस होती. नोंदवहीत खोट्या वेळा लिहिल्याबद्दल सेवेतून कमी का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. पुरावा म्हणून माझ्या अंतरिम अहवालातला तक्ता क्रमांक चार जोडला होता.

टेकडीवर जाणाऱ्या नळाला आम्ही दाब मोजणारं यंत्र बसवलं होतं. दर पाच मिनिटांनी ते एक आकडा साठवायचं. नोंदवही सांगत होती की व्हॉल्व्ह रोज सकाळी सहाला उघडला आणि साडेसातला बंद केला. यंत्र सांगत होतं की सहाला काहीच झालं नाही. दाब चढला तो कधी पावणेसातला, कधी सव्वाआठला. शंभरातले एक्क्याण्णव दिवस दोन्ही जुळत नव्हते. मी हे ‘तफावत’ या मथळ्याखाली लिहिलं, माणसाऐवजी वेळापत्रकावर चालणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवावा असं सुचवलं आणि अहवाल पाठवून दिला. काकांना काही विचारलं नव्हतं. आकडे इतके स्वच्छ होते की विचारायची गरज वाटली नाही.

“मी खोटं असं कुठे म्हटलंय, साहेब?”

“तुम्ही तफावत म्हणता, वरचे खोटं म्हणतात. नोकरी जायची ती जातेच.”

“पण वहीच्या प्रत्येक पानावर तुमची सही आहे.”

साहेबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “रोज चाळीस वह्या येतात सहीला. वाचत बसलो तर शहराला पाणी कोण देणार?”

बुधवारी पहाटे साडेपाचला मी टेकडीच्या पायथ्याशी गेले. काका आधीच आलेले होते. खांद्याइतकी उंच लोखंडी चावी भिंतीला टेकवून ते पायरीवर बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कानावर मफलर गुंडाळलेला माणूस. मला पाहून उठले नाहीत.

“या ताई. यंत्राची तब्येत बघायला आलात की माझी?”

“तुमची.”

“मग बसा. आमची तब्येत सहाला कळत नाही. वेळ लागतो.”

सहा वाजले. काका हलले नाहीत. खिशातून वही काढली, आजच्या तारखेपुढे ‘६.००’ आणि त्यापुढे ‘७.३०’ लिहून टाकलं आणि वही परत खिशात घातली.

“काका, तुम्ही अजून उघडलाच नाहीये.”

“ठाऊक आहे की. माझ्याच हाताखाली आहे तो.” ते हसले, पण फार नाही. “बावीस वर्षांपूर्वी वेळापत्रक केलं तेव्हा खाली बैठी घरं होती. आता पाच-पाच मजले झालेत. सहाला उघडलं तर सगळं पाणी खालच्या टाक्या गिळतात. वर नुसती हवा जाते, नळ फुसफुसतात. खालचे भरले की मग वरचं सोडायचं.”

“आणि भरले हे कसं कळतं?”

त्यांनी चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरवली आणि वरच्या टोकाला कान लावला. मलाही लावायला सांगितलं. आत लांबवर कुणी तरी सतत ‘श्श’ म्हणत असावं असा आवाज होता.

“हा ओढतोय अजून. खालचं भरलं की हा आवाज जड होतो.”

“मग खरी वेळ का लिहीत नाही?”

“लिहिली होती की. पहिल्या वर्षी. वेळापत्रकाबाहेरच्या प्रत्येक वेळेसाठी वेगळा फॉर्म भरायचा, त्यावर तीन सह्या, आणि सह्या करणारे तीन वेगळ्या इमारतींत. दोन महिने मी पाणी कमी आणि कागद जास्त सोडले. मग आधीचे साहेब म्हणाले, बाबा रे, तू वेळापत्रक लिही आणि पाणी दे.”

सव्वासातला आवाज बदलला. मला तो बदललेला कळला नाही, त्यांना कळला. त्यांनी चावी आठ वेळा फिरवली, दहा मिनिटं थांबले आणि फोन लावला.

“आलं का हो वर?”

पलीकडून एका बाईचा आवाज आला. तो आवाज मी ओळखत होते.

“अजून नाही. तुझं घड्याळ आणि माझी धुणी, दोन्ही लोंबकळतायत... थांब, थांब. आलं.”

काकांनी राहिलेले फेरे पूर्ण केले. “वरच्या शेवटच्या घरातल्या बाई. चौदा वर्षं विचारतोय त्यांना.”

ती माझी मावशी होती.

पदवीची दोन वर्षं मी मावशीकडे राहून काढली होती. तिच्या ओट्याच्या वर खिळ्याला कॅलेंडर असायचं आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक काही तरी लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, दूधवाल्याचा हिशेब असेल. दोन वर्षं मी त्या खिळ्याखाली चहा केला आणि एकदाही वाचलं नाही.

त्या दुपारी तिच्याकडे जाऊन वाचलं. ‘७.२६’. आदल्या दिवशी ‘६.५५’. त्याच्या आदल्या दिवशी ‘८.१०’.

“धुणं कधी लावायचं याचा अंदाज यावा म्हणून लिहिते,” मावशी म्हणाली. “तुला कशाला हवंय?”

“जुनी आहेत का?”

“माळ्यावर. फेकायला हात होत नाही. आमचे हे हयात असताना म्हणायचे, तू पाण्याची जन्मपत्रिका मांडतेस.”

बुधवारची संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार मी ती कॅलेंडरं यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिली. मावशीची वेळ यंत्राच्या वेळेपासून कधीही बारा मिनिटांपेक्षा जास्त हटली नव्हती, आणि ती बारा मिनिटं पाणी टेकडी चढायला लागत होती. नोंदवही सव्वादोन तासांपर्यंत चुकत होती. वहीतल्या वेळापत्रकावर उभी केलेली माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं, तीन वर्षांचं काम, त्याबरोबर गेली. वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी काकांना फोन केला. “तक्ता मागे घेते. चूक माझी होती असं लिहिते. नोटीस आपोआप बारगळेल.”

“आणि तो आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह?”

तक्ता मागे घेतला तर सहाची वेळ खरी मानली जाणार होती आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह रोज ठीक सहाला टेकडीवर हवा सोडणार होता.

“मग नका मागे घेऊ,” काका म्हणाले. “मी दोन वर्षांत जाणारच आहे. ते यंत्र वीस वर्षं बसेल. काय ते खरं लिहा, ताई. फक्त फॉर्मचंही लिहा.”

शुक्रवारची बैठक आमच्याच खोलीत झाली आणि मी मावशीची कॅलेंडरं टेबलावर मांडली. विभागप्रमुखांनी एक उचलून उलटसुलट पाहिलं.

“विद्यापीठाला हल्ली स्वयंपाकघरातली कॅलेंडरंही चालतात?”

“यांची चूक बारा मिनिटांची आहे, सर. आपल्या वहीची दोन तासांची.” पुढचं वाक्य मी रात्री चार वेळा खोडून लिहिलं होतं, तरी तोंडातून जडच निघालं. “आणि माझी त्याहून मोठी. मी वहीतलं वेळापत्रक योग्य धरलं आणि माणसाला विचारलं नाही.”

खुलाशासाठी बोलावलेले काका भिंतीजवळच्या बाकावरून उठले. “लिहिणारा मी. सही साहेबांची. पाणी मात्र रोज गेलं वर.”

अभियंता साहेब नकाशावरच्या ओलीकडे पाहत राहिले. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, “तो फॉर्म बंद करावा असा प्रस्ताव मी सहा वर्षांपूर्वी दिला होता. त्यालाही तीन सह्या लागत होत्या.”

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

निर्णय झाला तो असा: टेकडीवरचा स्वयंचलित व्हॉल्व्ह रद्द. कराराला सहा महिने मुदतवाढ, अधिक अभ्यासासाठी. फॉर्मबाबत एक समिती. नोटीस मागे, पण काकांना लेखी ताकीद आणि सोमवारपासून बदली पाण्याच्या मीटरच्या गोदामात. त्यांच्या जागी उद्यान विभागातून एक माणूस. दुखणं मी शोधलं आणि औषध काकांना घ्यावं लागलं.

सोमवारी आणि मंगळवारी नव्या माणसाने ताकिदीच्या धास्तीने बरोबर सहाला व्हॉल्व्ह उघडला. मावशीच्या दोन्ही चौकोनांत पेन्सिलीची नुसती आडवी रेघ होती.

बुधवारी पहाटे मी मावशीकडे होते. तिचे आदल्या दिवसाचे कपडे बादलीत कोरडेच पडले होते. सहा वाजले, साडेसहा झाले. नळ कोरडा, पण फुसफुसतही नव्हता. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला.

“हॅलो... आलं का हो वर?” आवाज अनोळखी होता, संकोचलेला.

त्याच्यामागून ओळखीचा आवाज आला. “अरे, आधी कान लाव, मग फिरव, मग विचार. गुलाबाला पाणी घालतोयस का?”

काकांचं गोदाम दहाला उघडायचं. पायथ्यापासून तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत.

“अजून नाही,” मावशी म्हणाली. “पण घाई नको करूस, बाबा. थांब तू.”

आम्ही नळाकडे बघत उभ्या राहिलो. सात वाजून बावीस मिनिटांनी तो खोकला, थुंकला आणि वाहू लागला. मावशीने पेन्सिल शोधली, कानामागे सापडली. मी तिच्यामागे उभी राहून चौकोनात आकडा उमटताना पाहिला आणि माझ्या वहीतही उतरवला.

“लिहितेस काय नुसती,” ती म्हणाली. “बादली लाव.”