बिनघोड्याचं पिस्तूल

नाथाजी हवालदाराला उगाच बढाई मारायची सवय नव्हती. पण हत्यारांचा विषय निघाला की गडी कुणाचं ऐकत नसे. फौजेत सव्वीस वर्षं त्यानं शस्त्रं दुरुस्त केली, निवृत्त झाल्यावर साताऱ्याजवळच्या नेमबाजी केंद्रात सहा वर्षं सांभाळली. त्याच्या हातचं एकही हत्यार कधी ऐनवेळी अडलं नव्हतं. आता मात्र गुडघे कुरकुरायला लागले होते. आपल्या जागी लेक राजनंदिनी यावी, एवढीच त्याची इच्छा. आणि नुसती लेक म्हणून नव्हे हो, पोरगी रीतसर काम शिकून आली होती! पण केंद्राच्या समितीतल्या हिंदुरावांनी नाक मुरडलं, "पोरीबाळींचं काम न्हाई ह्ये." म्हणून प्रमुख कॅप्टन धैर्यशील यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा ठेवली.

परीक्षेआधी कॅप्टननी नवं पिस्तूल उचललं, नेम धरला, चाप ओढला. टक्क! गोळी सुटलीच नाही. जरा थांबून ती काढली, दुसरी भरली. पुन्हा टक्क.

"काडतुसं दमट असणार," हिंदुराव म्हणाले. नाथाजीनंही मान डोलावली.

"राजनंदिनी, हीच तुझी परीक्षा," कॅप्टन म्हणाले. "सांग, काय बिघडलंय?"

तिनं आधी पिस्तूल रिकामं केलं. मग त्याच पेटीतलं काडतूस जुन्या पिस्तुलात घालून उडवलं. धाडदिशी उडालं.

"काडतुसं चांगली हायती, साहेब. रिव्हॉल्व्हरचा चाप लांब ओढावा लागतो, कारण तोच घोडा, म्हंजी मागची हातोडी, मागं नेतो आन् तोच सोडतो. ह्या जुन्या पिस्तुलाचा घोडा आधीच मागं चढलेला असतो, चाप त्याला नुसता सोडतो. दोन्हीकडं घोडा वजनदार. हातोड्यागत आपटतो, थोडी घाण असली तरी भागतं. ह्या नव्याला घोडाच न्हाई. आत स्प्रिंगवर ताणलेली पिन हाय, ती सोताच पळत जाऊन काडतुसाला टोचते. तिच्या वाटंत कायबी चिकटलं की जोर मेला. ह्ये बघा, काडतुसाच्या बुडाला नुसता ओरखडा पडलाय."

हिंदुरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. नाथाजीची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची!

राजनंदिनीनं पिस्तूल खोललं, पिनेच्या वाटेत कापसाची काडी फिरवली. काडी लालभडक, तेलकट होऊन बाहेर आली. तिनं ती बघितली आणि एकदम बापाकडं बघितलं.

नाथाजीला सगळं उमगलं. परवाची खंडेनवमीची शस्त्रपूजा त्यानंच केली होती. प्रत्येक हत्याराच्या घोड्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा लावायचा, ही त्याची फौजेपासूनची रीत. ह्याला घोडा नाही, मग टिळा लावायचा कुठं? पिन ताणलीय की नाही ते दिसावं म्हणून मागं बारीक भोक असतं, त्याच्यावरच त्यानं भक्तिभावानं बोट दाबलं होतं. तेल आत झिरपलं.

आता पोरगी काय करणार? 'स्प्रिंग कमजोर हाय' म्हणाली असती, तरी कुणाला पत्ता लागला नसता. बापाची अब्रू झाकली असती. बोल गं बाई, नाथाजी मनात म्हणाला, खरं ते बोल.

"कुंकू हाय, साहेब." तिनं काडी कॅप्टनसमोर धरली. "पूजेचं. आबांनी लावलेलं. चूक आमच्याच घरची हाय."

तिनं पिन पुसून कोरडी केली, पिस्तूल जोडलं, कॅप्टनच्या हातात दिलं. पाच गोळ्या, पाचही सुटल्या.

"नाथाजी," कॅप्टन वळून म्हणाले, "तुमचं आयुष्यभराचं नाव पोरीनं चारचौघांत खाली आणलं. वाईट नाही वाटलं?"

नाथाजी गुडघे धरत उठला. "आवं साहेब, तिनं बापाची भीड धरली असती तर वाईट वाटलं असतं. मंग मीच सांगितलं असतं, हिला घिऊ नगा म्हणून."

त्यानं कमरेची शस्त्रागाराची किल्ली सोडली आणि कॅप्टनच्या हुकमाची वाट न बघता लेकीच्या हातावर ठेवली. कॅप्टननी ती परत मागितली नाही.