सदरेबाबांचा मंत्र आणि डॉक्टरांचे मोजे

काचेच्या पेटीत डास घोंघावत होते आणि लाँड्रीवाल्यांची आमची अख्खी गल्ली श्वास रोखून पेटीभोवती उभी होती. सदरेबाबांनी पेटीच्या भोकातून हात आत घातला. बोटं त्यांनी बाहीत ओढून घेतली होती, पण बोटांकडे बघतो कोण? डास बाहीवर बसले, लडखडले आणि पटापट तळाशी उताणे पडले.

"डास म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "डास म्हणजे शंका. मनात शंका, तर अंगाला डंख. हा मंत्रवलेला सदरा घाला, डास तुमच्या वाऱ्याला उभा राहणार नाही. फक्त त्याला पाणी लावू नका. मंत्र नाजूक असतो."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हा कसला मंत्र, जो साबणाला घाबरतो, असं मी मोठ्याने विचारलं. शेजारणींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या घरात डास सोडले होते. माझा दादा तर दात-ओठ खात म्हणाला, "तू आपली शाळेत शिकव. इथे नको."

गल्लीने सदरे घेतले. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे पांढरेफटक. आणि मग मच्छरदाण्या माळ्यावर गेल्या. कपडे खळबळायच्या हौदांवर रोज संध्याकाळी फळ्या टाकायची रीत होती, तीही सुटली. मंत्र असताना फळ्या कशाला उचलायच्या? हौदात अळ्या वळवळू लागल्या, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आमच्या गल्लीचा एक नियम मात्र जुना आहे. नवं कापड सोड्यात उकळल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्यांना कापडावर काय काय असू शकतं ते चांगलंच ठाऊक असतं. वहिनीने बाबांचं ऐकून दादाचा सदरा तसाच ठेवला, पण लेकीच्या झबल्याशी आल्यावर तिचा हात थांबेना. पोरीची कातडी कोवळी. तिने गुपचूप झबलं उकळलं, चांगलं चोळलं, पुन्हा उकळलं.

आणि त्याच लेकीला, आमच्या छकुलीला, ताप भरला.

थंडी वाजून यायची, अंग भट्टीसारखं तापायचं, घाम फुटून ताप उतरायचा आणि फिरून थंडी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. "नको, ताई. मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू मंत्र उकळलास. आता ताप हेच प्रायश्चित्त. दवाखान्याची पायरी चढलीस तर उरलीसुरली कृपाही जाईल."

"आणि पोर गेली तर?" मी विचारलं.

तिने पदर तोंडात कोंबला. दादा पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिला. मला त्या दोघांचा जितका राग आला होता, तितकीच भीतीही वाटत होती.

मी धावत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, सुई-सामान पिशवीत टाकलं आणि चप्पल काढून बूट-मोजे चढवले. मोजे का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"आधी तुमच्या घरी," ते म्हणाले. पण घराला कडी होती. वहिनी तापलेल्या पोरीला खांद्यावर टाकून बाबांच्या पायाशी गेली होती. आम्ही तिकडे धावलो. पेटीसमोर गर्दी तशीच होती.

डॉक्टर थेट पुढे गेले, बूट काढले, एक मोजा काढून हातावर चढवला आणि हात पेटीत घातला. काही बायकांनी नाकाला पदर लावला. डास मोज्यावर बसले. थोड्याच वेळात लडखडून खाली पडू लागले, अगदी बाबांच्या बाहीवरून पडले तसेच.

"माझ्या मोज्यावर मंत्र कुणी म्हटला?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा सावरून म्हणाले, "तुमच्या मनात सुप्त श्रद्धा आहे, डॉक्टर."

"माझ्या कपाटात औषधाची बाटली आहे. गटारं तपासणाऱ्या आमच्या माणसांचे कपडे आम्ही त्यात भिजवून वाळवतो, हे मोजेही त्यातलेच. त्यावर बसलेला डास मरतो. चांगला शोध आहे, पण माणसाने लावलेला. कपडा घासून, उकळून धुतला की ते औषध निघून जातं." मग त्यांनी बाबांच्या गादीमागच्या बादलीकडे बोट दाखवलं. "सदरे ह्या तीर्थात बुडवता ना? मग घोटभर घ्या. मी लगेच तुमच्या पाया पडतो."

बाबांनी बादलीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. तांब्या काही उचलला नाही. "तीर्थाची परीक्षा घेऊ नये," एवढंच पुटपुटले. आता कुणी हसलं नाही. ज्यांच्या घरी पोरं तापली होती ती माणसं एकमेकांची तोंडं चुकवत होती.

वहिनी मात्र तिथे थांबली नव्हती. पोरीला घेऊन ती दवाखान्याच्या वाटेला लागली होती. दादा तिच्या मागे अनवाणी धावत होता.

रक्तात हिवताप निघाला. उशीर झाला होता. औषध सुरू झालं तरी पोर डोळे उघडेना, आणि डॉक्टर आम्हाला कसलाही शब्द देईनात.

"ताई, मी उकळलं म्हणूनच ना?" वहिनीने विचारलं.

मी तिच्याशी खोटं बोलले नाही. "औषध धुतलं गेलं, हे खरं. पण झबलं तोंड झाकतं का? तळपाय झाकतं का? डास तिथेही चावतो. मच्छरदाणी काढली, हौद उघडे पडले, ते त्या माणसाच्या थापेपायी. तू आईसारखीच वागलीस. पाप तुझं नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

वाचकहो, औषधाचे कपडे जरूर घाला, पण ते कसे वापरायचे नि कधी निकामी होतात, ते विचारून घाला. जो माणूस प्रश्न विचारू देत नाही, त्याच्याकडून चिंधीसुद्धा घेऊ नका.

आमच्या शेजारच्या खाटेपाशी एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. मुलाच्या अंगात पांढरं झबलं होतं आणि ती त्यालाच पुन्हा पुन्हा हात जोडत होती. वहिनीने डोळे पुसले, उठून तिचे जोडलेले हात सोडवले आणि म्हणाली, "बाई, आधी रक्त तपासून घे."