कोबाल्टची रेष

त्या शुक्रवारी बाबा बर्फवाल्याशी भांडत होते.

"हा बर्फ आहे का गा? कारखान्यातून निघाला तवा बर्फ असंन. इथवर येता येता सरबत झालं याचं."

"साहेब, ऊन पाहून राहिले न तुमी?"

"ऊन मले नको दाखवू. लाकडाचा भुसा टाक जास्त."

एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत रोज बर्फ लागायचा. फोटोच्या काचा ज्या रसायनात धुतात ते थंड राहिलं नाही तर काच काळवंडते आणि तिच्यावरच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात. आमची सगळी भिस्त त्या रेषांवर होती.

काम सांगायला सोपं आहे. दगडाची पूड करायची, तिच्यात ग्राफाइटची पूड मिसळायची आणि ते मिश्रण ग्राफाइटच्या कांडीच्या टोकाला कोरलेल्या चिमुकल्या वाटीत दाबून भरायचं. समोर दुसरी कांडी. दोन्हींमधून वीज सोडली की आर्क पेटतो, वेल्डिंगसारखा झगझगीत, आणि वाटीतलं सगळं जळून जातं. जळताना प्रत्येक मूलद्रव्य आपापला ठरलेला उजेड टाकतं. तो उजेड फाकवून काचेवर उतरवला की काळ्या रेषांची रांग मिळते. रेष कुठे आहे त्यावरून द्रव्य ओळखायचं, किती गडद आहे त्यावरून प्रमाण. दगडात एखादी गोष्ट नावापुरती असली तरी ती स्वतःची रेष उमटवून जाते.

माझे बाबा, चंपतराव गजभिये, हे काम एकोणीसशे अठ्ठावन्नपासून करत होते. मी एम.एस्सी. करून त्याच प्रयोगशाळेत लागले ती सदुसष्ट साली. बाबांनी वाचलेली प्रत्येक काच दुसऱ्यांदा मी वाचायची, हा नियम त्यांनीच घालून घेतला होता. "चूक दिसली का सांगून टाकायची. माह्या वयाकडे पाहायचं नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी त्यांची चूक शोधत नव्हते असं नाही. मन लावून शोधायची. ती कधी सापडली नाही, आणि त्याचं मला थोडं वैषम्य वाटायचं, थोडा अभिमानही.

त्या शुक्रवारी ते विशेष खुशीत होते. पिपरडोहच्या टेकडीवरून आलेल्या गारेच्या, म्हणजे पांढऱ्या गारगोटीच्या, शिरेत त्यांना टंगस्टन सापडलं होतं. एका नमुन्यात नाही, जवळजवळ सगळ्यांत. टंगस्टन आपल्याकडे फार थोडं मिळतं. दिव्याची तार असो की पोलाद कापायचं हत्यार, बाहेरून आणावं लागतं. मीही काच वाचली. रेष होतीच, स्पष्ट होती.

"पण बाबा, पूड तर नव्या मशीनमध्ये झाली न? दगड ज्यात घुमतो ती डबीच टंगस्टन कार्बाइडची आहे."

"मंग? मले काय माहीत नाही ते? शुद्ध वाळूची पूड घुमवून पाहिली मी त्या डबीत. काच साफ. टंगस्टनचा टिपूस नाही." मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पोरीले लय घाई आहे बापाले पाडाची."

"तुम्ही पडतच नाही, त्याले मी काय करू?"

ते मोठ्यानं हसले. पूडखोलीतून दगड कुटणाऱ्या यमुताईनं ओरडून विचारलं, "काय झालं वं पुष्पा, बाप हसून राह्यला तुहा? पगार वाढला का?"

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो, ते सायकलवर, मी बसनं. वरणभात, आंब्याचं लोणचं. रेडिओवर बातम्या. दिवस संपला.

शनिवारी सकाळी बाबा भाजी घेऊन आले, सायकल भिंतीला लावली आणि अंगणातल्या ओट्यावर बसले. आईनं पाणी नेऊन दिलं तेव्हा ते गेलेले होते.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. पुष्कळ पुस्तकांतून मृत्यू वाचले आहेत. आपल्या अंगणातला वाचलेल्या कुठल्याच मृत्यूसारखा नसतो, एवढंच कळलं. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, वस्तीतली माणसं आली, पंचशील झालं. पुढच्या सोमवारी मी कामावर गेले. घरी बसून काय केलं असतं मी? माझं दुःख मला कामाच्या जागीच नीट सांभाळता येणार होतं.

टेबलावर रवींद्र ढोबळेंची चिठ्ठी होती. ढोबळे म्हणजे पिपरडोहच्या टेकडीवर तंबू टाकून राहिलेले भूगर्भतज्ज्ञ. बाबांवर त्यांचा फार जीव. टंगस्टनच्या अहवालावर खोदाईचं मशीन मंजूर झालं होतं. त्याआधी त्या शिरेत आणखी काय काय आहे ते एकदा पाहून द्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

नवीन काही जाळायची गरज नव्हती. काचेवर सगळंच उतरलेलं असतं. आपण मागतो तेवढंच वाचतो. बाबांकडे टंगस्टन, कथील आणि मॉलिब्डेनम मागितलं होतं, म्हणून त्यांनी तेवढ्याच जागा पाहिल्या. आता मी त्याच काचा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायला घेतल्या. लोखंडाच्या ओळखीच्या रेषांची पट्टी शेजारी धरून सरकत सरकत गेले आणि एका जागी थांबले.

तिथे कोबाल्टची रेष होती.

गारेच्या शिरेत कोबाल्ट असू शकतं. सोबत गंधकाचं एखादं खनिज असलं तर असतं. मी स्वतःला तेच सांगितलं आणि पुढचा नमुना पाहिला. कोबाल्ट. त्याच्या पुढचा. कोबाल्ट. जिथे टंगस्टन गडद, तिथे हीही गडद. जिथे ते फिकट, तिथे हीही फिकट. टेकडीवरचा दगड इतका शिस्तीचा नसतो. टंगस्टन कार्बाइडचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून डबी बनवताना त्यात कोबाल्ट घालतात, हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

मी दिवा बंद केला, चहा प्यायले, परत आले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचलं. माझे डोळे चांगले आहेत. ते बाबांनीच तयार केले होते.

मग पूडखोलीत गेले. यमुताई बाबांच्या वयाची. दगड फोडण्यात आणि कुटण्यात तिची नोकरी सरत आली होती. मशीन आल्यापासून तिचे खांदे दुखायचे थांबले होते, म्हणून त्या मशीनला ती रोज फडक्यानं पुसायची.

"यमुताई, पिपरडोहची शिल्लक गार आहे न? अर्धी अकीकाच्या दगडी खलात हातानं कुटून पाहिजे."

"हातानं? काहून वं? मशीनले काय धाड भरली?"

"तेच तर पाहाचं आहे."

"पाहाचं तुले, अन् खांदे माहे!" असं म्हणत तिनं खल काढला. दुपारभर ती कुटत होती आणि मशीन आणणाऱ्यापासून मला जन्माला घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती. मधेच थांबून म्हणाली, "तुहा बाप असता तर म्या कुटलं नसतं, सांगून ठेवतो. त्यानं स्वतः कुटलं असतं." मी दुसरा बत्ता घेऊन तिच्या शेजारी बसले.

उरलेली अर्धी मी मशीनमध्ये घुमवली. त्याच डबीत आणखी एक गोष्ट घुमवली. कपाटात आमच्याकडे काचेसारखी स्वच्छ गार होती, प्रदर्शनात ठेवतात तशी. तिचे खडे. बाबांनी डबी तपासली होती ती बाटलीतल्या तयार पुडीवर. ती आधीच मैद्यासारखी. ती डबीला काय ओरखडणार? टेकडीवरची गार टणक, खड्यांची, आणि बारीक होईपर्यंत कितीतरी वेळ घुमवलेली. तिनं डबी खरवडून काढली होती.

तिन्ही पुडी मी एकाच काचेवर जाळल्या. काळ्या काचेआडून आर्क पाहिला. काच धुऊन, वाळवून दिव्यावर धरली. खलात कुटलेल्या गारेत टंगस्टन नव्हतं, कोबाल्ट नव्हतं. मशीनमधल्यात दोन्ही होतं. प्रदर्शनातल्या स्वच्छ खड्यांतही दोन्ही होतं.

पिपरडोहच्या टेकडीत टंगस्टन नव्हतं.

आमचे प्रमुख ताराचंद अग्रवाल यांनी काच स्वतः पाहिली. बराच वेळ पाहिली. त्यांना समजलं हे त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"बसा बेटा," ते म्हणाले. "शनिवारी चंपतरावांची शोकसभा आहे. ढोबळे येणार, तुमच्या आई येणार. तोपर्यंत हे राहू द्या. नंतर मी एक कागद काढतो, नमुने अपुरे होते, पुन्हा मागवा. मामला शांत होऊन जाईल. त्यांचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"खोदाईचं मशीन कधी हलतंय?"

"सोमवारी."

"मग शनिवारी सांगावं लागेल, साहेब. आणि नमुने अपुरे नव्हते. तसं लिहिलं तर ती डबी उद्या दुसऱ्या कोणाला फसवेल."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांची मुलगी आहात. मी आणखी काय बोलू?"

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. चूक काय आणि कशी, ते तिला नीट समजावलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही.

"सोमवारी असता तो कामावर," तिनं शेवटी विचारलं, "तर त्याले सांगितलं असतं का तू?"

"दारातच सांगितलं असतं."

"अन् त्यानं काय केलं असतं?"

"आधी भांडले असते. मग स्वतः खल घेऊन बसले असते."

आईनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "मंग मले काय विचारतं?"

शनिवारी दिवाणखान्याएवढ्या आमच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. बाबांचा फोटो एका गटफोटोतून मोठा करून आणला होता, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. आई पुढच्या रांगेत, यमुताई तिच्या शेजारी. ताराचंद साहेब थोडं बोलले, चांगलं बोलले. मग ढोबळे उठले. टेकडीवर राहून रापलेला माणूस. चंपतरावांनी आपल्याला काचा वाचायला शिकवलं म्हणाले. सोमवारी मशीन टेकडीवर चढतंय म्हणाले. "आणि त्या शिरेला आम्ही कॅम्पवर नाव दिलंय. गजभिये शीर. नकाशावरही तेच जाईल."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे लोकांना मागाहून आठवलं. आईनं पदर डोळ्यांना लावला.

कुटुंबाच्या वतीनं आभार मानायला मी उठले. आभार मानले. मग म्हणाले, "ढोबळे साहेब, मशीन टेकडीवर नेऊ नका."

मी डबीबद्दल सांगितलं, कोबाल्टबद्दल, खलाबद्दल. जसं कामाच्या टेबलावर सांगते तसंच. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता हे मला कळत होतं. काच आणली होती. ती ढोबळेंच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. वाचता येत होतं त्यांना. बाबांनीच शिकवलं होतं.

"पण त्यांनी डबी तपासली होती," ते हळूच म्हणाले. "मला सांगितलं होतं त्यांनी."

"तपासली होती. मऊ पुडीवर तपासली. टणक खड्यांवर तपासायला पाहिजे होती."

"म्हणजे ते…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हे माझ्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी म्हणावं अशी त्यांची इच्छा दिसत होती. ताराचंद साहेब उठायच्या बेतात होते. मी त्यांना हातानं थांबवलं.

ते म्हणायचं काम माझंच होतं. त्यांची काच दुसऱ्यांदा वाचायला मला बसवलं होतं ते यासाठीच. इतक्या वर्षांत एकदाही म्हणायची वेळ आली नव्हती. मी फोटोकडे वळले.

"बाबा," मी म्हणाले, "तुमचं चुकलं."