पाचव्या मजल्यावरच्या मऊ खुर्च्या

त्या भल्यामोठ्या दुकानाच्या पाचव्या मजल्यावर एक छोटं रेस्टॉरंट होतं. तिथली स्वयंपाकीण म्हणजे मावशी. तिला सख्खी भाची एकही नव्हती, पण शिपायापासून साहेबापर्यंत जो तो तिला मावशीच म्हणे. सतरा वर्षं ती तिथं सूप ढवळत होती, आणि आपल्या हाताला चव आहे हे कुणी न विचारताही सांगायची.

तिची हक्काची गिऱ्हाइकं म्हणजे नवरे. बायको खाली खरेदीत रमली की हे वर येत, एक सूप मागवत आणि दोन-दोन तास मऊ खुर्चीत रुतून बसत. कुणी शब्दकोडं सोडवी, कुणी बसल्या बसल्या पेंगे. मावशी त्यांना आग्रह करकरून केक खायला घाली आणि घरच्यासारखी बोलणीही ऐकवी.

दुकानात नवे साहेब आले आणि त्यांच्या डोळ्यांत हे खुपलं.

"मावशी, एका सुपावर दोन तास? या महिन्यात टेबलं भराभर रिकामी व्हायला हवीत. नाहीतर रेस्टॉरंट बंद करून इथं चपलांचा विभाग आणू."

दुसऱ्याच दिवशी मऊ खुर्च्या गोदामात गेल्या आणि त्यांच्या जागी लोखंडी आल्या. पाठ टेकायची सोय नाही, आणि दहा मिनिटं बसलं की कळ थेट मस्तकात.  रेस्टॉरंट बंद झालं तर मावशीला दुसरीकडे काम मिळालंही असतं, पण तिला हेच स्वयंपाकघर हवं होतं.

नवरे पंधरा मिनिटांत उठू लागले. टेबलं रिकामी झाली, साहेब खूश. पण उठलेले नवरे जाणार कुठे? ते सरळ खाली जाऊन बायकांच्या शेजारी उभे राहिले.

"हा पडदा कसा वाटतो?"

"आहेत ते काय फाटलेत?"

दिव्यांपाशी उसासे, गालिच्यांपाशी घड्याळाकडे नजर, आणि सगळीकडे 'निघायचं का?' हा एकच जप. बायका वैतागून हातातलं तिथंच ठेवून बाहेर पडू लागल्या.

आठवडाभरात पडदे विकणारी बाई तणतणत वर आली. "मावशी, या लोकांना वरच का ठेवून घेत नाही? एक गृहस्थ सकाळपासून माझ्या कापडाला नावं ठेवतायत."

"मला काय विचारतेस?" मावशी म्हणाली. "सुपात मीठ मी घालते. खुर्च्या साहेब ठरवतात."

बाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी गालिचेवाला आणि दिवेवाली यांना घेऊन ती गोदामात गेली, आणि तिघांनी मिळून सगळ्या मऊ खुर्च्या वर आणल्या. मावशी बघतच राहिली. ही मंडळी आपलं सूप आवडीनं पितात हे तिला ठाऊक होतं. आपल्यासाठी घाम गाळतील असं कधी वाटलं नव्हतं. तिला भरून आलं, म्हणून तिनं तिघांनाही रागावून हात धुवायला पाठवलं.

शनिवारी साहेब वर आले. एकूण एक खुर्ची भरलेली, कोपऱ्यात एकजण चक्क घोरत होता. खाली पडद्यांपाशी बायकांची झुंबड उडाली होती, ती ते येता येता बघूनच आले होते.  मावशीचा सूप ढवळणारा हात थांबला.

"चपला आहेत तिथंच राहू देत," साहेब म्हणाले. "पण मावशी, या लोकांना उठवायचं तरी कधी?"

"त्यांच्या बायका उठवतील की," मावशी म्हणाली. "आपण कोण मध्ये पडणारे?"