गाठीला लागून असलेलं बोलणं

मेंदूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरचा तो पहिलाच दिवस होता आणि काम मिळालं होतं गप्पा मारण्याचं. पेशंट कुलूपवाला. डोक्यातली गाठ नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून बसलेली, म्हणून कवटी उघडल्यावर त्याला जागं ठेवायचं, बोलतं ठेवायचं. बाहेर त्याच्या बायकोने सिस्टरचा हात धरला होता. ‘‘त्यांची वाचा तेवढी सांभाळा हो. तसे ते फारसे बोलत नाहीत, पण असू दे.’’

समोरच्या पडद्यावर मेंदू दिसत होता, ठोक्यागणिक वरखाली होणारा. असा उघडा पडलेला माणूस खाली शांतपणे ‘‘छत्री. कात्री. शिडी,’’ म्हणत चित्रं ओळखत होता. डॉक्टरबाई विजेचं बारीक टोक एकेका जागी टेकवून बघत होत्या; बोलण्याच्या जागेला ते लागलं की बोलणं तेवढ्यापुरतं थांबणार होतं.

मध्येच तो गप्प झाला. बाईंनी टोक उचललं, तरी गप्पच.

‘‘काका, रुसलात का?’’ सिस्टरने घाबरत विचारलं.

‘‘तीच चित्रं किती वेळा? मला काय बालवाडीत घातलंय?’’

बाईसुद्धा हसल्या. सिस्टरने चित्रं बाजूला ठेवली आणि मुद्दाम खोडी काढली. ‘‘किल्ली हरवली की तुम्ही सरळ कुलूप तोडता ना?’’

‘‘तोडायला काय अक्कल लागते!’’ गडी असा काही पेटला! ‘‘तार घालायची, कान लावायचा, घाई करायची नाही. आतला खटका हलला की...’’

तोंड उघडंच राहिलं. डोळे सिस्टरकडे लागले, घाबरलेले, मदत मागणारे. हे गप्प बसणं निराळं होतं, तिला पटकन कळलं.

‘‘डॉक्टर, हे तुमच्यामुळे!’’

टोक उचललं गेलं.

‘‘...बोटाला कळतं,’’ तो म्हणाला. वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

माणसाचं बोलणं एवढ्याशा जागेत राहतं, आणि तिथे पोचूनही कुणी त्याला धक्का न लावता मागे फिरू शकतं, हे सिस्टरने डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी त्या जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा इवलासा तुकडा ठेवला. ‘‘ह्याच्या पुढे जायचं नाही.’’ मग त्या गाठ कणाकणाने काढत राहिल्या. कुलूपवाला मात्र बोलायचा थांबेना, कुलपांवरून तिजोऱ्यांवर येऊन पोचला होता.

दुपारी बाई बाहेर आल्या. ‘‘बोलणं शाबूत आहे. पण गाठ सगळी नाही निघाली. थोडी मुद्दाम ठेवलीय, ती काढली असती तर बोलणंही गेलं असतं. पुढे औषधं घ्यावी लागतील, आणि गाठ पुन्हा वाढणार नाही असं मी सांगू शकत नाही.’’

बायकोने पदराने डोळे पुसले.

‘‘ठेवलीत ते बरं केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘गाठीशी दोघं मिळून भांडू. ते मुके झाले असते तर मी एकटी काय भांडणार होते?’’