आखूड बोल्ट

नव्या चाकाच्या एकाही नटातून बोल्टाचे टोक बाहेर आले नव्हते. सगळी टोके एक-दोन आटे आतच राहिली होती. डॉक्टर विमलबाई वाकून बघत राहिल्या. लष्करी लिलावातली ही जुनी जीप त्यांना अकोटहून डोंगराकडच्या गावांत बाळंतिणींकडे नेई. दगडांनी चाके वाकली, म्हणून जाड पत्र्याची भक्कम चाके आणली होती.

“समोरासमोरचे नट आवळले, बाई. आता हत्ती बसवा,” देवीदास म्हणाला. विमलबाईंच्या वडिलांच्या काळापासून जीप तोच चालवत आला होता.

“देवीदासभाऊ, चाक जाड झालं, बोल्ट आखूड पडले. वाटेत निसटेल ते.”

त्याने डोळे बारीक केले, मग नटावर अंगठा फिरवला. अंगठा खळग्यात रुतला.

“पाहुणा जाडा अन् पाट लहान!” तो हसला, पण हसू टिकले नाही. “मले दिसलंच नाही, बाई.”

त्याचा मोतीबिंदू विमलबाईंनी दिवाळीतच ओळखला होता. पण गाडी हातातून गेली की हा माणूस खचेल, म्हणून त्या बोलायचे टाळत आल्या होत्या.

लांब बोल्ट अकोल्याहून येईपर्यंत जुनीच चाके ठोकून सरळ केली आणि परत चढवली. पाना पुसून देवीदास नेहमीसारखा पुढे आला, तर स्टिअरिंगसमोर विमलबाई बसलेल्या.

“डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत जीप मी चालवणार, देवीदासभाऊ. तुम्ही शेजारी बसा आणि वाट सांगा.”