यजमानांच्या नावावरचं दुखणं

मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या सगळ्या बायका बसून डबे खात आणि यशोधरा कपाटाला टेकून उभी राही. "सकाळपासून बसूनच आहे हो," असं ती सांगे. ते साफ खोटं होतं. बसलं की खाली काच रुतल्यासारखं व्हायचं, म्हणून ती सकाळी साडेसातपासून उभ्यानेच गणित शिकवत होती.

चार महिने झाले होते. सकाळी संडासात गेली की ती नळ पूर्ण सोडून ठेवी, तोंडून काही निघालंच तर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानंतर दोन-दोन तास ठणका. आणि अधूनमधून लालभडक, ताजं रक्त.

रक्ताचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. जुनी इंदूर भागात राहणाऱ्या तिच्या यमुनाआत्यानेही असंच सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. तेव्हापासून यशोधराचं ठरलेलं होतं: दाखवलं की कळणार, नाही दाखवलं तर नाही कळणार. गणिताच्या बाईंचं हे लॉजिक.

औषध मात्र हवं होतं. मग एका दुपारी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या मेडिकलमध्ये, दुकान रिकामं बघून, ती दुकानदार बंडूभियाला, मूळव्याधीला हिंदी शब्द वापरत, म्हणाली, "आमच्या यजमानांना जरा... बवासीरचा त्रास आहे."

"अरे भाभीजी, त्यात लाजायचं काय! आधं इंदूर यातच बसलंय," बंडू मलमाची ट्यूब काढत म्हणाला. "म्हणजे बसलं कुठंय, उभंच आहे. भाईसाहेबांना सांगा, शेव-मिर्ची बंद."

त्याने मलमाबरोबर दिलेल्या चूर्णाने आठवडाभर पोटात नुसतं ढवळून निघालं. मग यशोधराने स्वतःच एक उपाय काढला. खायचंच कमी. पोटात गेलं नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही. पाणीही जेमतेम, कारण शाळेत बायकांचं बाथरूम प्रिन्सिपलच्या केबिनला लागून, आणि तिथे सारखं कोण जाणार? दुखणं वाढलं. वजन उतरलं, तशी ती जास्तच घाबरली. आत्याचंही असंच उतरलं होतं.

रविवारी सकाळी तिचा नवरा रघुवीर बीपीच्या गोळ्या आणायला गेला, तो पोह्यांचा पुडा घेऊन परतला. सिंचाई विभागात तीस वर्षं काढलेला हा माणूस मुळातच कमी बोलणारा. त्याने पुडा टेबलावर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"बंडू विचारत होता, आता बसता येतं का म्हणून. दुकानात चार माणसं होती. आपल्या व्याह्यांनी, निशांतच्या सासऱ्यांनी, मला सगळ्यांसमोर ईसबगोल कसं घ्यायचं ते समजावलं."

यशोधराच्या हातातली बशी तशीच राहिली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पहले से आराम है."

तिला हसू फुटलं. हसल्याने खाली कळ गेली आणि ती टेबलाची कड धरून वाकली. रघुवीर बघत राहिला.

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

"रक्त?"

तिने मान हलवली. आत्याच्या तेराव्याला तोही जेवून आला होता. पोहे थंड झाले.

"पुरुष डॉक्टर नको हं मला," ती शेवटी म्हणाली.

त्याने फोनवर शोधाशोध करून त्यांच्याच सुदामा नगरातल्या एक सर्जनबाई शोधल्या, शलाका नावाच्या. सोमवारी संध्याकाळची वेळही घेतली. रिसेप्शनवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारल्यावर त्याने आपलंच सांगून टाकलं. आता गावभर तेच झालं होतं.

दवाखान्यात नऊ-दहा माणसं होती. "रघुवीर पागनीस!" मुलीने हाक मारली. "गुदद्वाराचा त्रास ना? चला."

सगळ्या माना वळल्या. आणि रघुवीर खरोखरच उठला, उभा राहिला, शर्ट खाली ओढून दोन पावलं चाललासुद्धा. आत जाऊन हा माणूस काय दाखवणार होता, देव जाणे. यशोधराने त्याची बाही धरली.

"बसा तुम्ही. तुम्हाला बसता येतं." मग मुलीकडे वळून, आवाज जरा चिरका होत, "पेशंट मी आहे."

आत कुशीवर झोपायला सांगितलं. तिने डोळे गच्च मिटले. मिनिटभरात झालं.

"मूळव्याध नाही ही," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या. "फिशर आहे. चीर. कडक शौच झालं की तिथली नाजूक कातडी फाटते. दुखतं म्हणून माणूस रोखून धरतो, रोखलं की आणखी कडक होतं, की पुन्हा फाटतं. वर तिथला स्नायू आवळून बसतो, मग रक्त पोचत नाही नि जखम भरत नाही. खाता काय?"

"काही नाही," यशोधरा म्हणाली. "मुद्दामच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हीच जोपासलीत ही."

मग त्यांनी सांगितलं: भाज्या, फळं, पोटभर पाणी, ईसबगोल, तेही भरपूर पाण्याबरोबर. शौचानंतर टबमध्ये कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. स्नायू सैल करणारं मलम दिवसातून दोनदा, त्याने डोकं दुखलं तर कळवायचं. सहा-आठ आठवडे. नाहीच भरली तर पुढे इंजेक्शन, छोटं ऑपरेशन, उपाय आहेत.

"आणि... कॅन्सर?" तिने विचारलं, आणि आत्याचं नि उतरलेल्या वजनाचंही सांगून टाकलं.

"दिसतंय ते चिरेचंच आहे. पण तुमची पन्नाशी झालीय, आत्याचं सांगताय, वजनही उतरलंय. चीर जरा भरली की दुर्बिणीने एकदा आतून बघून घेऊ. टाळायचं नाही."

म्हणजे सगळी सुटका नव्हतीच. तरी बाहेर येताना तिला वाटलं, कोणी अंथरूण घालून दिलं तर आपण दोन दिवस नुसतं झोपून राहू.

स्कूटर तिथेच ठेवून दोघं चालत निघाली, कारण मागे बसायची तिची ताकद नव्हती. कोपऱ्यावर प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदाराने बदकांची चित्रं असलेला टब पुढे केला.

"बच्चे के लिए ना, भाभीजी?"

रघुवीरने तोंड उघडलं. ती त्याच्या आधी बोलली.

"नहीं भिया, मेरे लिए. बैठना है. थोडा चौडा दिखाओ."

दुकानदाराने मान डोलावली आणि शिडी ओढून वरच्या फळीवरचा, साध्या निळ्या रंगाचा मोठा टब काढला.